पिल्ले मादीने मारली नव्हती

आमच्या महाविद्यालयाचा गौरवग्रंथ नुकताच टपालाने घरी आला. जाड कागद, गुळगुळीत मुखपृष्ठ, आणि आत प्राणिशास्त्र विभागाच्या पहिल्या दिवसांवर एका माजी विद्यार्थ्याने लिहिलेला लेख. त्या लेखातला एक परिच्छेद माझ्यावर आहे. माझे नाव घालण्याचे सौजन्य लेखकाने दाखवलेले नाही. ‘एक तरुण डेमॉन्स्ट्रेटर’ एवढ्यावर त्याने माझी बोळवण केली आहे. हा तरुण डेमॉन्स्ट्रेटर म्हणे शिमग्याला पालखी नाचवायला गावी निघून गेला, मागे प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर उपाशी राहिले, भुकेल्या माद्यांनी आपलीच पिल्ले खाल्ली, आणि अखेर विभागप्रमुखांनी ‘स्वतःच्या कल्पकतेने’ दोन खणांचा पिंजरा तयार करून परिस्थिती सावरली. लेखकाने हे सारे विनोदी म्हणून सांगितले आहे. प्रकाशन समारंभात तो परिच्छेद वाचून दाखवला तेव्हा सभागृह हसले, असेही मला कोणीतरी मोठ्या प्रेमाने कळवले.

मला हसू आले नाही. वयाच्या या टप्प्यावर माणसाने जुन्या गोष्टी सोडून द्याव्यात असा सल्ला मला चार ठिकाणांहून मिळाला आहे, आणि चारही ठिकाणी मी तो परत केला आहे. सोडून द्यायची ती गोष्ट खरी तरी असली पाहिजे. इथे तर शिमग्यापासूनच खोटे सुरू होते. पिल्ले मेली ती थंडीत. शिमगा येतो फाल्गुनात. लेखकाने पंचांग जरी उघडले असते तरी ही नामुष्की त्याच्यावर ओढवली नसती. शिवाय त्या वर्षी मी गावी गेलोच नव्हतो. आमच्या घराचा नारळ पालखीपुढे धाकट्या भावाने ठेवला, आणि ‘मोठा का नाही आला’ या प्रश्नाला माझ्या वडिलांना गावभर उत्तर द्यावे लागले. रत्नागिरी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या थोरल्या मुलाने शिमग्याला घरी न जाणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्याने या विषयावर विनोद करू नये.

तेव्हा जे घडले ते क्रमाने सांगतो.

ती एकोणीसशे पन्नासच्या दशकाची मधली वर्षे होती. माझी नेमणूक तात्पुरती होती. वर्षाच्या शेवटी संचालक मंडळ मला कायम करणार की नाही, हे ठरायचे होते. या ‘कायम’ शब्दावर आमचा संसार टांगलेला होता. कायम झालो तर शहरातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत मी, माझी पत्नी आणि पुढच्या पावसाळ्यात येणारे आमचे पहिले मूल एकत्र राहणार होतो. न झालो तर आमच्या वाडीतला प्रत्येक कर्ता पुरुष जातो तसा मी बोटीने मुंबईला जाणार, आणि ती पालीजवळच्या आमच्या गावी माझ्या आईवडिलांकडे राहणार. तिचे माहेर जयगडच्या खाडीवरचे. तिची आई, मावश्या, थोरल्या बहिणी, सगळ्या वर्षाचे अकरा महिने नवऱ्याची वाट बघत जगल्या होत्या. लग्न ठरताना तिने एकच चौकशी केली होती : मुलगा मुंबईला असतो की रत्नागिरीत? रत्नागिरीत, असे उत्तर मिळाल्यावर तिने होकार दिला. हे मला तिने स्वतः, आणि वारंवार, सांगितले आहे.

पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या तेव्हा विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी मुंबईहून पांढरे उंदीर मागवले गेले. लाल डोळ्यांची, पांढरीशुभ्र, मोठी जात. बोटीवर कोणीतरी त्यांचे खोके इंजिनाच्या उबेला ठेवले, आणि बंदरावर उघडून पाहतो तर बरेचसे नर मेलेले. माद्या सगळ्या तगल्या होत्या. नर उरले दोनच. आता या दोन नरांवर परीक्षेपुरती प्रजा कशी वाढवायची हा प्रश्न पडला.

तो सोडवला संचालक मंडळाच्या एका सभासदाने. हे गृहस्थ मोठे बागायतदार होते. आंब्याच्या कलमांचे आणि गुराढोरांचे त्यांना सारे कळे, आणि म्हणून जगातले सारे कळते असे त्यांना वाटे. मनाने वाईट नव्हते, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. ते प्रयोगशाळेत आले, छत्री भिंतीला टेकवली, माद्यांच्या पेट्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले,

“अवो मास्तर, गावाला वळू किती असतात?”

“एक,” मी म्हणालो.

“मग? दर गोठ्याला येगळा वळू कोणी बांधतो काय? आज हितं, उद्या तितं. फिरवा की. दोन म्हंजे चंगळ झाली तुमची.”

विभागप्रमुख पुण्याकडचे. त्यांना गाईचे तोंड कोणत्या बाजूला असते हेही विचारून घ्यावे लागले असते. पण सभासदाचा शब्द तो सभासदाचा शब्द. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम दिला : दर सोमवारी दोन्ही नर आपापल्या पेटीतून काढून पुढच्या पेटीत सोडायचे. मी विचारले, पुढच्या पेटीतली मादी व्यालेली असली तर? बागायतदारांनीच उत्तर दिले.

“असली तर असली. वासरू असलं म्हणून वळू गोठ्यात येत नाय काय? रिकामी मादी म्हंजे पडीक जमीन.”

या एका वाक्यात त्यांची सगळी चूक सामावलेली होती, आणि ती आमच्याकडच्याच माणसाला सुचू शकते अशी चूक होती. गावचा वळू घटकाभर येतो, आपले काम करतो आणि निघून जातो. वासराकडे तो ढुंकून पाहत नाही, कारण त्या गोठ्यात त्याला राहायचे नसते. आमचे नर मात्र माद्यांच्या पेट्यांत राहायला जात होते. दुसऱ्याच्या पिल्लांनी भरलेल्या घरात ज्याला राहायचे आहे, त्याचा स्वभाव वेगळा असतो. मी हे त्याच दिवशी बोललो. विभागप्रमुख म्हणाले, “तुमचे हेल काढून झाले असतील तर पेट्यांना पाणी लावा.” माझ्या बोलण्याच्या कोकणी वळणाची टिंगल करण्याची त्यांची ही रीत होती. पुण्याच्या हेलाला ते प्रमाणभाषा म्हणत.

थंडी पडू लागली तशा माद्या व्याल्या. पहिल्या सोमवारी नर पुढच्या पेटीत गेला आणि मंगळवारी सकाळी त्या पेटीतली पिल्ले नाहीशी झालेली होती. भुशावर एक-दोन तुकडे आणि मादीच्या तोंडाला रक्त. विभागप्रमुखांनी चष्मा वर करून पाहिले.

“कैदाशीण आहे,” ते म्हणाले. “स्वतःची पोरे खाल्लीन.”

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पेटीत तेच, नंतर तिसऱ्या पेटीत तेच. दर वेळी मादीचे तोंड रक्ताळलेले आणि दर वेळी तोच निकाल. विद्यार्थी ते दृश्य बघायला येऊ लागले. त्यात गौरवग्रंथातल्या त्या लेखाचे लेखकही असत. एकाने तर त्या माद्यांना पुराणातल्या राक्षसिणींची नावे ठेवली. आणि पिल्ले गेल्यावर काही दिवसांतच ती मादी त्याच नराशी रत झाली, तेव्हा विभागप्रमुखांनी वर्गात जे उद्गार काढले ते मी इथे लिहिणार नाही. पुढच्या बाकांवर मुली बसलेल्या होत्या. त्यांनी माना खाली घातल्या, आणि मागचे बाक हसले.

माझा संताप त्या दिवशी सुरू झाला, आणि तो अजून ओसरलेला नाही.

मी ठरवले की आपण स्वतः पाहायचे. एका रविवारी, भर दुपारी, प्रयोगशाळा रिकामी असताना मी नर नव्या पेटीत सोडला, खिडकीचा उजेड पेटीवर येईल अशी खुर्ची ठेवली आणि बसलो. मादी कोपऱ्यात कागदाच्या चिंध्यांचे घरटे करून पिल्लांवर पसरलेली होती. नर आत उतरला, नाक उडवत भिंतीकडेने फिरला, आणि घरट्याकडे वळताक्षणी मादी उठली. मी शेतातले उंदीर लहानपणापासून पाहिले आहेत, पण असे युद्ध पाहिले नव्हते. तिने अंग आडवे फुगवले, त्याच्या मानेला दात लावले, मागच्या पायांनी त्याला लाथा घातल्या. तो तिच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा होता. तरीही दोनदा तिने त्याला जाळीपर्यंत रेटत नेले. मध्येच ती एक पिल्लू तोंडात धरून पेटीभर धावली. ते लपवण्यासाठी ती दुसरा कोपरा शोधत होती, आणि चारही कोपरे तेवढेच उघडे होते. ती एकाला घेऊन धावत असताना नर घरट्यापाशी पोचला. त्याने एकेका पिल्लाच्या डोक्यात दात रोवले. शांतपणे. भाजी निवडावी तसे.

मग तो बाजूला झाला. ती परतली, पिल्लांना चाटू लागली, उलटेसुलटे करून हुंगू लागली. बराच वेळ चाटल्यावर तिने मेलेल्या पिल्लांना खायला सुरुवात केली. सगळ्या गदारोळात लोकांना दिसत होता तो एवढाच शेवटचा भाग. व्यायल्यावर जी मादी आपली वार खाते, मेलेले पिल्लू खाते, घरट्यात काही कुजू देत नाही, तिच्या त्या कृतीला ‘खून’ म्हणणारे विद्वान मंगळवारी सकाळी चहा घेऊन येत होते. खून सोमवारी संध्याकाळीच झालेला असे, आणि खुनी त्याच पेटीत मिशा पुसत बसलेला असे. त्याचे तोंड स्वच्छ होते, म्हणून तो निर्दोष ठरला.

मी सोमवारी हे सांगितले तेव्हा विभागप्रमुखांनी विचारले, “तुम्ही एकट्याने पाहिले?” म्हणजे माझी साक्ष पुरेशी नव्हती. मग योगायोगाने दुसरा पुरावा मिळाला. आमच्याकडची दमट हवा. एका पेटीचे लाकडी दार फुगून असे गच्च बसले की लागोपाठ तीन सोमवार ते निघेना, आणि तिथला नर तसाच आत राहिला. चौथ्या आठवड्यात ती मादी व्याली. पिल्ले त्याचीच होती. तो त्यांच्या शेजारी अंग चोरून झोपे. मादी उठून खायला आली तर कधीकधी त्यांच्यावर बसेही. एकही पिल्लू गेले नाही. त्याआधी दुसऱ्या पेटीत पिल्ले मारणारा हाच नर होता. मी विभागप्रमुखांना हाताला धरून ती पेटी दाखवली.

“दार फुगले, हा काही शास्त्रीय पुरावा होत नाही,” ते म्हणाले.

“मग सोमवारचे फिरवणे बंद करून पाहू,” मी म्हणालो.

“आणि परीक्षेला काय तुम्ही टेबलावर झोपणार?”

फिरवणे बंद करायचे नाही, व्यालेल्या माद्या वगळायच्या नाहीत, पण पिल्ले मात्र जगली पाहिजेत, असा तो तिढा होता. त्यातून जो मार्ग निघाला तो मी काढला, आणि तो कुठून आला हेही सांगतो. भात कापून झाल्यावर खाचरांच्या बांधांतली उंदरांची बिळे खणणे हे आमच्या घरचे दरवर्षीचे काम होते. उंदरांनी नेलेल्या लोंब्या आत साठवलेल्या सापडत. वडील खणत आणि मी माती ओढी. बिळाला तोंडे अनेक, पण जिथे पिल्ले असत त्या खणाचे तोंड आतून ओल्या मातीने बंद केलेले असे. वडील म्हणत, “बाळंतिणीची खोली आहे, जपून.” रानातल्या मादीला दार लावून घेता येते. आम्ही तिला एका खणात कोंडले, दार लावण्याची सोय काढून घेतली, आणि मग ती आई म्हणून कशी नालायक आहे यावर प्रवचने दिली.

मी घरमालकाकडून आंब्याची एक जुनी पेटी मागून घेतली आणि सुटीच्या दिवशी पडवीत करवत घेऊन बसलो. पेटीत मधोमध फळी घालायची आणि फळीला एक भोक ठेवायचे : मादीचे अंग जाईल, पण नराचे खांदे अडतील एवढे. पत्नी तांदूळ निवडत उंबऱ्यावर बसली होती.

“पाळणा करताय होय?” तिने विचारले.

“उंदरिणीला बाळंतिणीची खोली करतोय.”

“वा! मला चौथ्या महिन्यात पाटा उचलायला लावा आणि उंदरिणीला खोली बांधा.” मग सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, “अहो, भांडलात का पुन्हा त्यांच्याशी?”

“भांडलो नाही. सांगितले.”

“तुमचं सांगणं मला ठाऊक आहे. वर्ष संपेपर्यंत जरा गप्प राहिलात तर आभाळ कोसळणार नाही. मला गावी चुलीपाशी बसवून तुम्ही मुंबईला गेलात, तर मात्र माझ्यापुरतं ते कोसळेल.”

मी भोक कानशीने गुळगुळीत करत राहिलो. ती उठून आली, भोकात स्वतःची मूठ घालून पाहिली आणि म्हणाली, “थोडं मोठं करा. बाईमाणूस पोटुशी असली तरी आत गेली पाहिजे.” मी ते थोडे मोठे केले, आणि ती सूचना अगदी बरोबर ठरली. आज ज्या पिंजऱ्याचे श्रेय विभागप्रमुखांच्या ‘कल्पकतेला’ दिले गेले आहे, त्याची करवत माझी, आंब्याची पेटी माझ्या घरमालकाची आणि भोकाचे माप माझ्या पत्नीच्या मुठीचे, हे मी इथे एकदाचे लिहून ठेवतो.

परीक्षेला जनावरे अपुरी पडणार हे उघड झाले, तेव्हा मंडळाने चौकशीसाठी त्याच बागायतदारांना पाठवले. ते आले त्या दिवशी मी माझी पेटी टेबलावर मांडली. मादी आणि तिची पिल्ले पुढच्या खणात होती. विभागप्रमुख, बागायतदार आणि काही विद्यार्थी यांच्या देखत मी परका नर आत सोडला. मादीने त्याच्यावर एकच झेप घेतली, त्याला मागे सारले, आणि मग एकेक पिल्लू तोंडात धरून ती फळीच्या भोकातून पलीकडे नेऊ लागली. नर तिच्यामागे धावला, डोके भोकात घातले आणि खांद्यांपाशी अडकला. त्याला पुढे जाता येईना की मागे येता येईना. पलीकडून मादीने त्याच्या नाकाचा असा चावा घेतला की तो किंचाळला.

बागायतदार छत्रीवर रेलून खदाखदा हसले. “अरे, जावई दारात अडकला! सासरची बरी खातिरदारी चालली हाय!”

नर कसाबसा मागे निघाला आणि कोपऱ्यात जाऊन नाक पुसत बसला. भोकाजवळ तो पुन्हा फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवडा संपला तरी सर्व पिल्ले जिवंत होती. मादी मनाला येई तेव्हा नराच्या खणात येई, खाई, त्याच्याशी रतही होई, आणि परत आपल्या खोलीत जाई. ती त्याला टाळत नव्हती. कोणत्या वेळी कोणत्या दारातून, हे ठरवण्याचा तिचा हक्क तिला परत मिळाला होता, आणि तेवढ्याने ती ‘कैदाशीण’ राहिली नाही. मला वाटले, आता वाद मिटला.

वाद मिटला नाही, कारण मेलेल्या पिल्लांचे उत्तर अजून कोणीतरी द्यायचे होते. विभागप्रमुखांनी मला खोलीत बोलावले. बागायतदार आधीच बसलेले होते. चहा आला. विभागप्रमुखांचा आवाज त्या दिवशी फार मऊ होता. पिंजरा चांगला आहे, म्हणाले. आपण सगळ्या माद्यांसाठी तसे करून घेऊ. मंडळापुढे एवढेच जायला हवे की या खेपेच्या माद्याच निकृष्ट होत्या, पिल्ले खाणाऱ्या होत्या. तुम्ही त्यांची देखभाल करत होता. तुम्ही तसे तोंडी सांगितलेत की विषय संपला. तुमच्या कायम होण्याची गोष्टही त्याच बैठकीत आहे.

“पिल्ले माद्यांनी मारली नाहीत,” मी म्हणालो.

“ते आपल्याला ठाऊक आहे,” विभागप्रमुख म्हणाले.

हे वाक्य मी विसरलेलो नाही. ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे त्यांना पटले होते. फुगलेल्या दाराचा पुरावाही पटला होता आणि रविवारच्या माझ्या एकट्याच्या साक्षीवरही त्यांचा विश्वास बसला होता. आता फक्त ते बोलून दाखवायचे नव्हते. बागायतदारांना माझी दया आली असावी. ते पुढे वाकून म्हणाले,

“अवो मास्तर, उंदरी काय कोर्टात जाणार हाय काय तुमच्यावर? घाला तिच्या डोक्यावर आणि व्हा मोकळे. घरात बाळंतपण आलंय तुमच्या.”

“म्हणूनच नाही घालणार,” मी म्हणालो. “चूक फिरवण्याची होती. फिरवा असे तुम्ही म्हणालात, आणि हुकूम यांनी दिला. मंडळात मला विचारले तर मी एवढेच सांगेन.”

विभागप्रमुखांनी कप बशीत ठेवला. “मग देखभालीत हयगय झाली असे म्हणावे लागेल,” ते म्हणाले, आणि तसेच झाले. बैठकीत मला बोलावले गेले नाही. हयगय कशी झाली याला निमित्त हवे होते. शिमगा नुकताच होऊन गेला होता आणि मी कोकणातला होतो. निमित्त आपोआप पिकले. कोकणी माणूस म्हणजे शिमग्याला पळणार, हे कोणालाही सिद्ध करून दाखवावे लागले नाही. मी शिमग्याच्या सगळ्या दिवसांत प्रयोगशाळेत हजर होतो, मुद्दाम हजर होतो, हे पाहणारे सगळे होते आणि सांगणारा कोणी नव्हता. त्यातले एक साक्षीदार आज गौरवग्रंथात लेख लिहितात.

मला कायम केले नाही. सत्र संपले, आणि पावसाआधीच्या शेवटच्या बोटींपैकी एकीने मी मुंबईला निघालो. पत्नी मांडवीच्या बंदरापर्यंत आली. तिला दुसऱ्या दिवशी वडील बैलगाडीने गावी नेणार होते. बोटीपर्यंत माणसे नेणारे पडाव किनाऱ्याशी लागले होते, बोट दूर पाण्यात उभी होती. बंदरावर आमच्यासारखीच जोडपी होती. पुरुष ट्रंका उचलत होते आणि बाया पदराने घाम टिपत होत्या. लग्नाआधी जे दृश्य नको म्हणून तिने चौकशी केली होती, तेच दृश्य, आणि त्यात आता तीही उभी.

तिने माझ्या ट्रंकेची कडी ओढून पाहिली. मग म्हणाली, “उंदरिणीची बाजू घेतलीत. बरोबर केलंत, मी चूक म्हणत नाही. पण एवढी सगळी माणसं बसली होती तिथं, त्यांत माझी बाजू कोणी घेतली?”

“तुझीच घेतली,” मी म्हणालो.

“ती कशी?”

“स्वतःची जागा टिकवायला जो पुरुष आज त्या आईवर आळ घालतो, तो उद्या घरात काही बिनसले की तुझ्यावर घालेल. तसल्या माणसाबरोबर तुला राहायचे होते काय?”

तिने माझ्याकडे पाहिले. “मला कोणाबरोबर तरी राहायचं होतं,” ती म्हणाली. “जा आता. पाणी उतरायला लागलंय, पडाव थांबायचा नाही.” खाडीकाठची मुलगी, भरती-ओहोटीच्या बाबतीत ती कधी चुकली नाही.

मुलगी भर पावसात झाली. बोटी बंद होत्या, आणि नव्या नोकरीत रजा नव्हती. मी तिला पहिल्यांदा पाहिले तेव्हा ती रांगत होती, आणि मला पाहून इतकी रडली की तिला आजीने आत नेले. पुढे काही वर्षांनी जिल्ह्यातल्याच एका हायस्कुलात मला शिक्षकाची जागा मिळाली आणि आमचे घर एका छपराखाली आले. पण मधली वर्षे कोणी भरून दिली नाहीत. गौरवग्रंथातल्या परिच्छेदात ती वर्षे नाहीत. तिथे ‘डेमॉन्स्ट्रेटरमहाशयांची उचलबांगडी झाली’ एवढ्यात काम भागले आहे, पुढे एक उद्गारचिन्ह आहे, आणि सभागृह तिथेच हसले असावे.

त्या लेखकाला मी हे सगळे कळवणार आहे. तो माझ्याहून तरुण आहे, धडधाकट आहे, त्याने खुशाल उत्तर द्यावे. मी वाट पाहतो. पत्नीचे मात्र वेगळे आहे. बंदरावरचा आमचा वाद पुढे आयुष्यभर चालला. पाहुण्यांसमोर चालला, मुलीच्या लग्नात चालला, आणि तिच्या आजारपणातही मी तिला माझा मुद्दा पुन्हा समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला आणि मान्य केला नाही. माझा मुद्दा बरोबर होता असे मी आजही म्हणतो. पण ‘मला कोणाबरोबर तरी राहायचं होतं’ या तिच्या वाक्याचे खंडन मी इथे करणार नाही. ती आता उत्तर द्यायला नाही, आणि समोर माणूस नसताना त्याच्याविरुद्ध निकाल लावणे मला कधी जमले नाही.